बाबांचा सवाल कुणाच्या मालकीचा

काकांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी एका वाटणीपत्राचं तिसरं पान टाइप करत होते. रत्नागिरीत एका वकिलांच्या ऑफिसात मी बावीस वर्षं हेच काम करते. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं. कामाच्या वेळात मी फोन घेत नाही हे तिला माहीत होतं. तरी तिने तीनदा केला, म्हणून घेतला.

"ताई, तुम्ही असं का केलंत?"

"काय केलं मी?"

"मामंजींचे व्हिडिओ काढायला लावलेत. तीन गेले. आता चॅनेलच बंद होणार म्हणून मेल आलाय."

"मी कशाला काढायला लावू? मशीनने काढले असतील."

"मेलवर तुमचं नाव आहे, ताई. पहिलंच आहे."

मी तिला तो मेल माझ्याकडे पाठवायला सांगितलं आणि आधी वाटणीपत्र पुरं केलं, कारण पक्षकार समोर बसून होते. मग मेल उघडला. तक्रारदार म्हणून माझं नाव, नात्याच्या रकान्यात 'कवीची मुलगी व वारस'. त्याखाली माझ्या भावाचं नाव, तो 'मुलगा व वारस'. त्याखाली मुंबईतल्या एका ऑडिओ कंपनीचं. आमच्या वडिलांच्या गीतांचे शब्द आणि चाल परवानगीशिवाय वापरली म्हणून तीन व्हिडिओ काढावेत, अशी आमची मागणी होती. त्या साइटच्या नियमात तीन तक्रारी झाल्या की चॅनेल जातं. सात दिवसांची मुदत होती.

मी असली मागणी केली नव्हती. पण आधी काका कोण आणि ते गाणं कसलं, हे सांगायला हवं.

आमच्याकडे गौरी-गणपतीत जाखडीचा नाच होतो. त्यात शक्ती आणि तुरा अशी दोन घराणी. शक्तीवाल्यांचा शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, तुरेवाल्यांच्या शाहिराने गाण्यातूनच जवाब द्यायचा, मग उलट. सवाल पुराणातला असतो, कधी कोड्यासारखा असतो, आणि त्यात समोरच्याला टोमणा असतोच. टोमणा नसेल तर लोक उठून चहाला जातात. माझे बाबा शक्तीवाले. अलोऱ्याला जलविद्युत प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आम्ही तिथल्या कॉलनीतच वाढलो. रद्दीत जाणारे नोंदींचे जुने तक्ते ते घरी आणायचे आणि पाठकोऱ्या बाजूवर गाणी लिहायचे. एका बाजूला कुणीतरी लिहिलेले दाबाचे आकडे, दुसऱ्या बाजूला कृष्ण आणि गौळणी.

काका तुरेवाले. आमचे सख्खे काका नव्हेत. मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात कामाला होते, राहायला भाट्याच्या पुढे एका वाडीत. तीस वर्षं बाबा आणि ते एकमेकांसमोर उभे राहिले. बाबांनी एका गाण्यात त्यांना 'बर्फावर बसून बसून बुद्धी गोठलेला' म्हटलं होतं. त्यावर काकांनी पुढच्या वर्षी जवाब आणला, की प्रकल्पाचा फिटर गावभर दिवे लावतो आणि घरी चिमणीच्या उजेडात कविता लिहितो. त्या दोन्ही वर्षी सामना संपल्यावर काका आमच्याकडेच जेवायला होते. आईला म्हणाले, "वैनी, तुमचा नवरा मला येडा म्हनतो आनि परत वाडपाला बसतो. याला काय म्हनायचं?" आई म्हणाली, "भूक लागली असंल तुमाला, असं म्हनायचं."

या सामन्याचा एक दंडक आहे. समोरच्याचा सवाल आधी स्वतः म्हणायचा, पूर्ण, त्याच्याच चालीत, एकही शब्द न बदलता. शेवटी ज्या कडव्यात कवीचं आणि त्याच्या गावाचं नाव येतं ते कडवंसुद्धा म्हणायचं. मग आपला जवाब. लोकांना कळायला हवं की कुणी काय विचारलं आणि याने काय उत्तर दिलं. मी सातवीत असताना काकांच्या मंडळातल्या एका नव्या गायकाने बाबांचा सवाल म्हणताना एक शब्द फिरवला. त्या शब्दाने सवाल सोपा झाला. काकांनी स्वतः आपल्याच ढोलकीवाल्याचा हात धरला. "शब्द बदललास. परत घे," गायकाला म्हणाले. तो म्हणाला, एवढ्याने काय होतं. काका म्हणाले, "तुला जवाब येत नसंल तर खाली बस. दुसऱ्याचा सवाल चोरून जिकू नुको." तो खाली बसला. काकांनी सवाल पहिल्यापासून म्हटला आणि त्या वर्षी ते हरले.

बाबांनी शेवटचा सवाल टाकला तेव्हा त्यांची नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती. तो प्रकल्पाच्या पाण्यावर होता.

एकदाच पडले, डोंगरात शिरले,
अंधारात जाऊन उजेड करून आले,
गाव उजळून जे आपण काळे राहिले,
सांग रे तुरेवाल्या, ते पाणी कुठे गेले?

काकांना तिथल्या तिथे जवाब सुचला नाही. त्यांनी पुढच्या गणपतीपर्यंत मुदत मागितली. अशी मुदत देतात. पण बाबा शिमग्याच्या आधीच गेले. समोर माणूस नाही म्हणून काकांनी त्या वर्षी सामना घेतला नाही, त्यानंतरही नाही. जवाब मात्र त्यांनी रचून ठेवला होता. मागच्या वर्षी डॉक्टरांनी घशाची शस्त्रक्रिया सांगितली आणि आवाज राहील याची खात्री नाही म्हणाले. तेव्हा त्यांच्या सुनेने त्यांना ओटीवर बसवून फोनवर सगळं रेकॉर्ड केलं. आधी बाबांचा सवाल, मग त्यांचा जवाब. असे तीस वर्षांतले जेवढे आठवले तेवढे. शेवटच्या सवालाचा जवाब असा होता.

खाडीला मिळाले, मीठ होऊन आले,
तुझ्याच आमटीत रोज चिमटीने पडले,
ते मीठ खाऊन वारस मुके झाले,
सवाल पुसतो बाप, पोर कुठे गेले?

मी तो व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मोठ्याने हसले. बाबा असते तर मांडीवर थाप मारली असती. महिन्याने शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. काढून टाकलेल्या तीन व्हिडिओंत हा एक होता. सुनेचा जुना फोन मधल्या काळात बंद पडला होता. व्हिडिओ होते ते फक्त त्या चॅनेलवर, आणि एकदा काढलेला व्हिडिओ साइट आपला आपल्यालाही उतरवून घेऊ देत नाही.

मी तिला ताबडतोब उलट फोन केला. "उरलेले सगळे आत्ता उतरवून घे. आत्ता म्हणजे आत्ता. बाकीचं मी बघते." ती हो म्हणाली, पण 'ताई' म्हणाली नाही.

आता माझं नाव तिथे कसं गेलं ते. बाबा गेल्यावर त्यांचे तक्ते मी रत्नागिरीला आणले आणि दर रविवारी बसून एकशे चाळीस गाणी टाइप केली. काही शब्द लागत नव्हते, ते गावातल्या जुन्या लोकांना विचारून घेतले. प्रत्येक गाण्याखाली ते कुठे म्हटलं आणि समोर कोण होतं, हे लिहिलं. भाऊ मुंबईत असतो, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याला गाता येत नाही, पण तिथल्या मंडळात शाहिरांचा मुलगा म्हणून त्याला मान आहे. तो म्हणाला, एक कंपनी बाबांची गाणी चांगल्या गायकांकडून गाऊन घेऊन ऑनलाइन ठेवणार आहे, कायमची राहतील. मला बरं वाटलं. मी फाइल त्याला दिली. वैशाखात तो कंपनीचा करार घेऊन ऑफिसातच आला, माझ्या जेवणाच्या वेळेत.

"ताई, तुझी सही लागेल. आई गेल्यावर आपण दोघेच वारस ना."

मी पहिलं पान वाचलं. जतन, प्रसार, कवीचं नाव देणं, सगळं ठीक होतं. पुढची पाच पानं बारीक इंग्रजीत होती. तो म्हणाला, "ते नेहमीचंच असतं. तू दिवसभर हेच तर टाइप करतेस." माझ्यासमोर जो कोणी सहीला बसतो त्याला मी सांगते, पान उलटा, वाचा, मग सही करा. स्वतःच्या सख्ख्या आईच्या कागदावर सही करतानाही वाचा. त्या दिवशी मी डबा उघडा ठेवून सहा पानांवर सह्या केल्या.

आता तो करार परत काढला आणि वाचला. चौथ्या पानावर होतं. गाण्यांच्या वापराविरुद्ध तक्रार करायचे सर्व अधिकार कंपनीला आणि माझ्या भावाला, माझ्या वतीने; कोर्टात जायचं असेल तेवढं दोन्ही वारसांच्या सहीने. माझ्या नावाने काय करायचं ते त्याने ठरवायचं, यावर माझी सही होती.

भावाला फोन केला.

"अगं, ते मशीन करतं ताई," तो म्हणाला. "कंपनीने गाणी चढवली की सिस्टिम आपोआप मॅच करते. आपण कोणी काय करत नाही."

"माझं नाव आहे त्याच्यावर."

"ते पण ऑटोमॅटिक येतं. करारातून उचलतं. टेन्शन नको घेऊस. मी बोलतो त्यांच्याशी."

मी विश्वास ठेवला. अर्धा तास ठेवला. मग मेल नीट वाचला, जसा दुसऱ्याचा कागद वाचते तसा. तक्रारीत शेवटच्या सवालाच्या व्हिडिओतला भाग मिनिटं-सेकंदांसह दिला होता. पण ती वेळ बाबांच्या सवालाची नव्हती. ती काकांच्या जवाबाच्या शेवटच्या दोन ओळींची होती. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं होतं, 'मूळ कवीच्या वारसांची बदनामी करण्यासाठी गीताचा गैरवापर.' मशीनला आमच्या घरातला वारस कोण आणि त्याला काय लागलं, हे कळत नाही. आणि मालकीचा पुरावा म्हणून माझी फाइल जोडली होती. एकशे चाळीस गाणी, माझ्या टिपांसकट. शेवटच्या गाण्याखाली मीच लिहिलं होतं, 'जवाब बाकी. मुदत दिली आहे.'

मी पुन्हा फोन केला.

"हे तू भरलंस," मी म्हटलं. "हातानं भरलंस."

तो म्हणाला, "तू ऐकलंस ना तो काय म्हणाला? वारस मुके झाले. म्हणजे मी. अख्ख्या मंडळाने मला तो व्हिडिओ पाठवला. गणपतीच्या मीटिंगला लोक तोंडावर हसले."

"सामन्यात टोमणा असतोच. बाबांनी त्यांना कमी म्हटलंय? मीच टाइप केलंय सगळं."

"ते समोरासमोर होतं. आता बाबा उत्तर देऊ शकतात का?"

"तू दे."

"मला जमत नाही हे तुला माहितेय."

"मग गप्प बस."

"त्यालाच बसवला गप्प," तो म्हणाला. "आता कोण मुका झाला, सांग."

काकांच्या शस्त्रक्रियेचं त्याला मीच कळवलं होतं. मी फोन ठेवला. त्या दिवशी मला राग आला नाही. पाणी प्यायले आणि पुढचा कागद टाइप करायला घेतला. राग दोन दिवसांनी आला आणि अजून आहे.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना विचारलं. त्यांचं काम जमिनीचं, पण पुस्तक काढून बघितलं. म्हणाले, "बाई, आपल्या कायद्यात याला फेअर डीलिंग म्हणतात, त्या साइटवाल्यांच्या नियमात फेअर यूज. दोन्ही अगदी एक नाहीत, पण तुमच्या कामापुरती दिशा तीच. टीका करायची, परीक्षण करायचं, तर दुसऱ्याच्या कृतीतला भाग परवानगीशिवाय घेता येतो. वाजवी असला पाहिजे. किती घेतलाय त्यांनी?"

"एक कडवं पूर्ण. आणि शेवटचं नावाचं कडवं."

"चाल?"

"तीच."

"पहिली ओळ घेऊन भागलं नसतं? कायद्यात जितकं कमी घ्याल तितकं बरं."

"आमच्यात उलट आहे, साहेब. सवाल अर्धा म्हटला तर चोरी धरतात. पूर्ण म्हटला आणि नाव घेतलं तर प्रामाणिक."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तेच लिहा. उत्तर द्यायचं तर प्रश्न सांगावाच लागतो, म्हणून गरजेपुरतंच घेतलं. कवीचं नाव दिलंय, ही मोठी गोष्ट. आणि मला सांगा, यांचा व्हिडिओ बघून कोणी तुमच्या वडिलांचं मूळ गाणं ऐकायचं सोडेल का?"

"उलट शोधून ऐकेल."

"तेही लिहा. आणि बदनामी हे कारण कॉपीराइटच्या फॉर्मात बसत नाही. राग आला म्हणून कॉपीराइट मिळत नसतो. वाटलं तर त्यांनी वेगळा दावा करावा." मग म्हणाले, "पण हे वाजवी की नाही, हे शेवटी कोर्ट ठरवतं. साइट नाही, मी नाही, तुम्ही नाही. आणि तक्रारदार तुम्हीच आहात, हे लक्षात ठेवा. तुम्ही तुमच्याच विरुद्ध लिहिणार."

"तक्रार मागे घेता येईल?"

"ज्या मेलवरून केली त्याच मेलवरून. तो भावाचा ना?"

त्याचाच होता. त्याला मी एकदा लिहून विचारलं, मागे घेतोस का. त्याने उत्तर पाठवलं नाही.

रविवारी स्कूटर काढली आणि भाट्याचा पूल ओलांडून काकांकडे गेले. सून दारात होती. चहा विचारला, पण 'या' म्हणाली नाही. काका ओटीवर खुर्चीत बसले होते. मानेला पांढरा रुमाल बांधलेला, मांडीवर मुलांची पाटी आणि खडू. आता तशी बोलायची सवय झाली होती त्यांना. मी पाया पडले. ते बागेकडे बघत राहिले.

मी सगळं सांगितलं. करार, भाऊ, फॉर्म, बदनामीचा रकाना. सांगताना मला स्वतःलाच ते सबबींसारखं ऐकू येत होतं. ऑफिसात लोक असंच सांगतात, मला वाचून दाखवलं नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि मी मनात म्हणते, सही तुमचीच ना.

काकांनी पाटीवर लिहिलं आणि माझ्याकडे वळवली. 'तुझी सय हाय का?'

"आहे," मी म्हटलं. "करारावर आहे. या तक्रारीवर नाही."

त्यांनी पाटी पुसली. खडू खाली ठेवला.

सुनेने आणि मी आत बसून हरकतीचा फॉर्म भरला. त्यात काकांचं पूर्ण नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो आणि तो तक्रारदाराला जातो. ती घाबरली.

"कोर्टात खेचतील का हो? यांना या अवस्थेत मुंबईला नेऊ मी?"

"खेचायचं तर माझ्याही सहीने वकीलपत्र लागेल," मी म्हटलं. "ती मी देणार नाही."

"मागच्या वेळेला पण तुम्ही वाचून दिली असतीत तर बरं झालं असतं," ती म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली. मी पुढचा रकाना भरत राहिले.

फॉर्मसोबत मी माझं पत्र जोडलं, मराठीत आणि इंग्रजीत. मी कवीची मुलगी व सहवारस. ही तक्रार माझ्या नावाने झाली, मला न विचारता. सदर व्हिडिओत माझ्या वडिलांचा सवाल त्यांच्या नावासह पूर्ण म्हटला आहे, कारण आमच्या परंपरेत जवाब देण्याची तीच रीत आहे. माझ्या वडिलांनी हा सवाल उत्तर मिळावं म्हणूनच लोकांसमोर टाकला होता. शेवटचं वाक्य साहेबांनी खोडायला सांगितलं, कायद्यात त्याला अर्थ नाही म्हणाले. मी ठेवलं.

अशी हरकत गेली की तक्रारदाराने ठरावीक दिवसांत कोर्टात जायचं असतं, नाहीतर व्हिडिओ परत चढतात. त्या दिवसांत भावाकडून कुरिअर आलं. वकीलपत्र होतं, सहीच्या जागी पेन्सिलची फुली. सोबत चिठ्ठी, 'ताई, घरातली गोष्ट घरात राहू दे. बाबांसाठी.' मी ते कोरं परत पाठवलं. मग त्याचा फोन आला.

"तू परक्या माणसासाठी बापाच्या विरुद्ध गेलीस."

"बापाच्या नाही. तुझ्या."

"लोक काय म्हणतील माहितेय? शाहिराच्या मुलीनेच बापाचं गाणं दुसऱ्याला वाटलं."

"ते बाबांनीच वाटलं होतं. जाहीर, मांडवात. तू होतास का तिथे?"

तो नव्हता. त्या वर्षी सुट्टी मिळाली नव्हती. हे मी बोलायला नको होतं, कारण सुट्टी न मिळण्यात त्याची चूक नव्हती. पण बोलले. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही. आईच्या श्राद्धाला तो परस्पर अलोऱ्याला गेला आणि परस्पर परतला.

व्हिडिओ परत चढले. तिन्ही. सुनेचा एका ओळीचा मेसेज आला, 'दिसायला लागले.' मी ऑफिसातून लगेच बघितलं. काका ओटीवर बसलेले, समोर झांजा, आणि बाबांचा सवाल काकांच्या आवाजात, एकही शब्द न बदलता. मग जवाब. मी सुनेला लिहिलं, आता हेही उतरवून घे. तिने लिहिलं, घेतले.

मला वाटलं, निस्तरलं.

आठवड्याने पुन्हा चॅनेल उघडलं तर सगळे व्हिडिओ नवे होते. जुने काढून पुन्हा चढवले होते. सगळेच आखूड. त्यातून बाबांचे सवाल कापले होते. शेवटच्या व्हिडिओत काका एकदम 'खाडीला मिळाले, मीठ होऊन आले' म्हणूनच सुरुवात करतात. नावाचं कडवं नाही, बाबांचं गाव नाही. मी सुनेला फोन केला.

"तुला कोणी सांगितलं कापायला? आपण जिंकलो होतो."

"मामंजींनी सांगितलं."

"का?"

"पाटीवर लिहून दिलं. ज्याचं त्याला. एवढंच." मग म्हणाली, "मी म्हटलं त्यांना, ताईंनी एवढं केलं. ते म्हणाले नाहीत काही. म्हणजे, लिहिलं नाही."

"त्यांना फोन दे."

"ते फोनवर काय करणार, ताई?"

मी पुन्हा भाट्याला गेले नाही. जाऊन काय सांगणार होते? हक्क आहे, वापरा, असं? तो हक्क त्यांना माझ्याकडून घ्यायचा नव्हता. तीस वर्षं त्यांनी बाबांचा सवाल कुणाला न विचारता म्हटला, कारण विचारायची गोष्टच नव्हती. आता ती विचारायची गोष्ट झाली होती, आणि ती तशी होण्यासाठी माझी सहा पानं लागली होती.

त्या व्हिडिओखाली लोक लिहितात. आवाज छान, जुनं ते सोनं वगैरे. एकाने लिहिलं होतं, 'शाहीर, कुठलं पाणी? सवाल काय होता?' त्याच्याखाली आणखी दोघांनी तेच विचारलं. कोणी उत्तर दिलं नव्हतं. काकांना टाइप करता येत नाही आणि सून करणार नव्हती.

मी साहेबांना विचारलं, चार ओळी, कवीच्या नावासह, खाली लिहिल्या तर चालेल का. करारात मी गाणी कंपनीला दिलेली, म्हणून विचारलं. साहेब हसले. म्हणाले, "स्वतःच्या बापाच्या चार ओळी लिहायला वकिलाला विचारताय. लिहा. याला कोणी हरकत घेणार नाही."

मी दुपारी डब्याच्या वेळेत बसून सवाल टाइप केला. चार ओळी, मग नावाचं कडवं, मग बाबांचं नाव आणि गाव. शब्द तपासून बघितले आणि पाठवला. एकाने लगेच लिहिलं, 'आता जवाब कळला, जबरदस्त.' तिसऱ्या दिवशी बघितलं तर माझी कॉमेंट नव्हती. कंपनीने तक्रार केली असती तर मेल आला असता. मेल आला नव्हता. चॅनेल ज्याचं, त्याला खालची कॉमेंट एका बोटाने काढता येते.

मी पुन्हा लिहिली नाही. 'सवाल काय होता' हा प्रश्न बहुतेक अजून तसाच आहे, खाली विचारणारे वाढले असतील. मी आता ते चॅनेल उघडत नाही.